शेळी की मेंढी? सोललेलं जनावर आणि सुटं हाड

पशुवैद्यकीच्या पहिल्या वर्षाच्या व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, माझ्या हातात एक फरा दिला होता. फरा म्हणजे खांद्याचं पातं, आपल्या भाषेत स्कॅपुला. आकार लहान, म्हणून बैल बाद केला आणि "शेळी" म्हणून मोकळा झालो. सरांनी विचारलं, "कशावरून?" मी म्हणालो, "लहान आहे म्हणून." सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी ट्रेमधला दुसरा फरा उचलला, पहिल्याशेजारी ठेवला आणि म्हणाले, "बरं, आता यातली शेळी कोणती?" दोन्ही हाडं मला जुळ्या भावांसारखी दिसली. पुढचा प्रश्न आलाच नाही.

चूक माझी होतीच, पण थोडी शिकण्याच्या पद्धतीचीही होती. आपल्याकडे शरीररचना शिकताना बैल हा नमुना. त्याचं एकेक हाड पाठ करायचं, मग त्याच्या तुलनेत घोडा, कुत्रा, डुक्कर, कोंबडी. शेळी-मेंढीला बहुतेकांच्या वहीत मिळून एकच रकाना असतो, "लहान रवंथ करणारे". घोडा आणि बैल वेगळे करायला फारशी अक्कल लागत नाही. घोड्याला बरगड्यांच्या 18 जोड्या, बैलाला 13. घोड्याला पित्ताशय नाही, बैलाला आहे. शेळी-मेंढीचं तसं नाही. बरगड्यांच्या जोड्या दोघींना 13, मानेचे मणके 7, दात 32, वरच्या जबड्यात पुढचे दात दोघींनाही नाहीत. मूत्रपिंड दोघींचं घेवड्याच्या दाण्यासारखं गुळगुळीत, बैलासारखं गाठीगाठींचं नाही. पोट उघडून फरक शोधत बसलात तर संध्याकाळ होईल. रंगसूत्रं तेवढी वेगळी, शेळीची 60 आणि मेंढीची 54. पण व्हायव्हाच्या ट्रेमध्ये रंगसूत्रं ठेवत नाहीत.

मुंबईत हा प्रश्न परीक्षेपुरता राहत नाही. इथे "मटण" म्हटलं की मनात बोकड येतो; इंग्रजीत तोच शब्द मुळात मेंढीच्या मांसाचा. आणि सगळ्यांना बोकडच हवा असतो असंही नाही. पुण्याजवळच्या वाडेबोल्हाईच्या देवीला मानणाऱ्या घरांत शेळी-बोकड चालत नाही, मेंढीच लागते. पुण्याकडे म्हणूनच दुकानांवर "बोल्हाई मटण" अशी पाटी दिसते. अशा घरातला माणूस नोकरीसाठी लालबाग-परळला येतो तेव्हा मटणवाल्याला त्याचा पहिला प्रश्न भावाचा नसतो, जनावराचा असतो. आपल्या धंद्यातही फरक पडतोच. जंताचं औषध शेळीच्या शरीरातून मेंढीपेक्षा लवकर निघून जातं, म्हणून मेंढीचा डोस शेळीला बऱ्याचदा कमी पडतो. तांब्याचं उलट आहे. जास्तीचं तांबं शेळीपेक्षा मेंढीला लवकर बाधतं.

जिवंत जनावरापासून सुरू करू, कारण तिथे सगळ्यांना वाटतं की आपल्याला कळतं. लोकर म्हणजे मेंढी, केस म्हणजे शेळी, असं मनात पक्कं बसलेलं असतं. दख्खनी मेंढीसमोर ते चालून जातं. सांगलीकडच्या जत तालुक्यातली माडग्याळ समोर आली की गडबड होते. उंच, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, लांब लोंबते कान, पोपटाच्या चोचीसारखं नाक आणि अंगावर लोकर नावालाच. देवनारच्या बाजारात जमनापारी बोकड बघून आलेल्या माणसाला ती बकरीच वाटेल, कारण जमनापारीचंही नाक तसंच आणि कान त्याहून लांब. म्हणून नाकावर आणि कानावर जाऊ नका. शेपूट बघा. शेळीची आखूड आणि वर उचललेली, खालच्या बाजूने उघडी. मेंढीची खाली लोंबणारी. मग तोंडाशी या. मेंढीच्या वरच्या ओठाला मधोमध खोल चीर असते, शेळीला ती जेमतेम. मेंढीच्या डोळ्यासमोर एक खळगी असते, तिच्यात मेणासारखा स्राव साठतो. शेळीला ती नसतेच. कासेच्या दोन्ही बाजूंना, जांघेत, मेंढीला कातडीचे खिसे असतात, शेळीला नाहीत. दाढी आणि गळ्याला लोंबणाऱ्या गलोल्या यांवर फार विसंबू नका. बऱ्याच शेळ्यांना असतात, सगळ्यांना नाही.

आता तेच जनावर कातडी उतरवून हुकाला टांगलेलं. देवनारचा कत्तलखाना 1971 सालचा, आणि तिथून शहरभर जाणाऱ्या मालाची तपासणी पशुवैद्यच करतो, तेव्हा पुढे तुमच्यातल्या कुणाच्या तरी वाट्याला हे येणारच. दुकानदाराने स्वतःच एक सोय करून ठेवलेली असते. सगळं सोलून शेपटीला केसांचा झुपका तेवढा ठेवतात, गिऱ्हाइकाने बघून खात्री करावी म्हणून. तो झुपका नजरेआड करून पाहा. मेंढीची पाठ गोल, भरलेली. शेळीची धारदार, मणक्यांची टोकं हाताला लागतात. मेंढीची छाती पिंपासारखी, शेळीची दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी. मेंढीला कातडीखाली पांढरी, घट्ट चरबी. शेळीची चरबी पोटात, मूत्रपिंडांभोवती जास्त आणि पाठीवर पातळ. मांसाचा रंग शेळीचा गडद, मेंढीचा फिका आणि धागा बारीक. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड, ही म्हण मेंढीवर निघाली नाही, यात काहीतरी तथ्य असावं. मला सगळ्यात भरवशाची वाटते ती एक क्षुल्लक गोष्ट. शेळीच्या कातडीखालचा पापुद्रा चिकट असतो, आणि सोलताना उडालेले केस त्याला चिकटून राहतात. तळहात फिरवा, हाताला लागतात.

खरी परीक्षा सुट्या हाडाची, कारण तिथे ना शेपूट ना वास.

त्या फऱ्याकडेच परत येऊ. बाहेरच्या बाजूने हाडाच्या मधोमध एक उभी कड असते, ती स्पाइन. नुसतं पाहू नका, डावा अंगठा वरून खाली त्या कडेवरून ओढा. मेंढीत मध्यावर कड जाड होते आणि मागे कललेली लागते. अंगठा तिथे जरा अडकतो. शेळीत ती सरळ आणि पातळ, अंगठा सरकत खाली जातो. मग सांध्याच्या वरची मान बघा. मेंढीची आखूड आणि रुंद, शेळीची लांबट, निमुळती. सरांनी शेजारी ठेवलेल्या दोन फऱ्यांत हेच होतं. मी पाहत होतो, हात लावत नव्हतो.

त्रिकास्थीत, म्हणजे कमरेच्या मागच्या जुळलेल्या मणक्यांत, कडा बघायच्या. मेंढीत त्या दुमडून शिवल्यासारख्या जाड, शेळीत पातळ आणि धारदार. कवटीत डोळ्याच्या खोबणीसमोर बोटाचं टोक ठेवा. मेंढीत मघाशी सांगितलेली खळगी हाडावरही उमटलेली असते, बोट बसतं. शेळीत जागा सपाट. शिंगाच्या आतलं हाड आडवं कापलेलं मिळालं तर मेंढ्याचं तीन कोनांचं, बोकडाचं चपटं, लांबट अंड्यासारखं. मात्र बिनशिंगी मेंढ्या भरपूर आहेत, आणि कवटी बहुतेक वेळा फुटकी हातात येते, कारण भेजा काढलेला असतो.

पायाचं प्रमाणही पुस्तकात असतं. रेडियस, म्हणजे पुढच्या पायाचं वरचं हाड, मेंढीत मेटाकार्पसच्या, म्हणजे त्याखालच्या नळीच्या, सव्वापट, शेळीत दुप्पट. सव्वापट ठीक आहे. दुप्पट मी मोजपट्टीने कधी पाहिलेलं नाही, माझ्या हातात आलेल्या शेळ्या त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबतात. आकडा परीक्षेत लिहा, मनात एवढंच ठेवा की शेळीची खालची नळी तिच्या वरच्या हाडाच्या मानाने आखूड आणि रुंद, मेंढीची लांब आणि सडपातळ. शिवाय हे वापरायला दोन्ही हाडं एकाच जनावराची हवीत, आणि ट्रेमध्ये तशी ती असतीलच याची खात्री कोण देणार?

एकट्या नळीवर निकाल द्यायचा तर तिच्या खालच्या टोकाला जा. तिसरं आणि चौथं बोट जुळून ही नळी झालेली, म्हणून पुढे मधोमध बारीक चर आणि खाली दोन कप्प्या. प्रत्येक कप्पीच्या मध्यावर एक उंचवटा, त्याच्या बाहेरच्या अंगाला उरलेला भाग. मेंढीत हा बाहेरचा भाग जाडीत उंचवट्याच्या बराच जवळ येतो. शेळीत तो चिमटीत धरून दाबल्यासारखा लहान, त्यामुळे उंचवटा जास्त उठून दिसतो. जर्मनीतल्या योआखिम बोएसनेक यांनी दोन सहकाऱ्यांसह 1964 साली शेळी-मेंढीच्या हाडांतले फरक एकेक करून मांडले, त्यातच या टोकाचं मापही आहे. बाहेरच्या भागाची पुढून मागे जाडी घ्यायची, तिला उंचवट्याच्या तशाच मापाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. साधारण 63 च्या वर मेंढी, खाली शेळी. व्हर्नियर कॅलिपर असला तर दोन मिनिटांचं काम.

हे काम पशुवैद्यांपेक्षा पुरातत्त्ववाल्यांच्या गरजेतून पुढे गेलं. उत्खननात शेपटीचा झुपका सापडत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इनामगावचं उत्खनन केलं, तिथेही प्राण्यांची हाडं निघाली आणि त्यांचा अभ्यास झाला. अशा अहवालांच्या तक्त्यांत एक रकाना हमखास असतो, "शेळी/मेंढी", मध्ये तिरकी रेघ. विद्यार्थी असताना मला तो आळशीपणा वाटायचा. आज वाटतं, खूण पुरेशी नसताना तिरकी रेघ मारायलाही धैर्य लागतं. व्हायव्हात "लहान आहे म्हणून" सांगण्यापेक्षा नक्कीच जास्त.

खुणा पुरेशा न मिळण्याचं मोठं कारण वय. आपल्या ताटात येणारी जनावरं बहुतेक कोवळी, पुढचे दोन पक्के दातही न आलेली. त्या वयात लांब हाडांची टोकं दांड्याला जुळलेली नसतात. नळीच्या खालच्या कप्प्या कुकरमध्ये सुट्या होऊन येतात, लहानपणी आम्ही त्यांच्याशी खेळायचो. कड जाड झालेली नसते, त्रिकास्थीचे मणके एकमेकांना पुरते धरत नाहीत. फऱ्याच्या, नळीच्या ज्या खुणा सांगितल्या त्या मोठ्या जनावराच्या. करडू आणि कोकरू यांची हाडं शेजारी ठेवली तर मी आजही घाईने उत्तर देणार नाही. मटणाचा वाद चौकीपर्यंत गेला तर हाडावर निकाल देऊच नये. मांसाचा तुकडा डीएनए तपासणीला पाठवावा. हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेत हे काम होतं.

गेल्या महिन्यात आमच्या चाळीतल्या एका मुलीला घेऊन रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात गेलो. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, 1886 साली सुरू झालेल्या त्या जुन्या संस्थेत, तिचं पहिलं वर्ष चालू आहे, आणि माझा व्हायव्हा तिने तीनदा ऐकला आहे. मी चाचांकडून दोन वेगळ्या जनावरांचे पाय मागितले, भाजून खरवडलेले. केस गेलेले, खूर निघालेले, दोन्ही सारखे काळपट.

"काका, यात काय बघू? हाडं तर कातडीत आहेत."

"खुरांच्या बेचक्यात बघ. पुढून, जरा वर."

तिने पहिला पाय फाकवला. काही नाही, नुसती सुरकुतलेली कातडी. दुसऱ्यात बेचक्याच्या जरा वर टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं. अंगठ्याने खालून दाबल्यावर भोकातून पिवळसर, मेणासारखं काहीतरी बाहेर आलं. मी चाचांची सुरी मागून कातडी उभी चिरली. आत मुडपलेल्या चिलमीसारखी वाकडी, बोटाच्या पेरापेक्षा लहान पिशवी. बोटांमधली ही ग्रंथी मेंढीच्या चारही पायांत असते, शेळीच्या एकाही नाही. मेंढ्या चालतात तिथे हा स्राव जमिनीला लागतो, त्याच्या वासाने मागच्या मेंढीला वाट कळते असं मानतात.

चाचा सुरी पुसत म्हणाले, "आम्ही तर शेपूट बघतो."

ती अजून भोक दाबून पाहत होती. "पण काका, कोकरू असेल तर? तुम्ही म्हणालात ना, लहानपणी खुणा नसतात."

"हाडांच्या म्हणालो. हे भोक कोकरू जन्मतानाच घेऊन येतं."

तिने दोन्ही पाय पिशवीत घातले. घरी जाऊन पुन्हा चिरून बघणार होती, आईला सांगू नका म्हणाली.