कार्ड म्हणजे चिप नव्हे

जुन्या पीसीच्या सिरियल पोर्टमागे १६५५० या घराण्यातली चिप असायची. बाइट एकेक बिट करून तारेवर सोडायचा, आलेले बिट जुळवून बाइट करायचा आणि गरज पडली की प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे ‘इकडे लक्ष दे’ असा इशारा, द्यायचा, एवढंच तिचं काम. हीच चिप कधी आयएसए कार्डावर बसे, कधी पीसीआय कार्डावर; आयएसए आणि पीसीआय या पीसीला कार्डं जोडणाऱ्या दोन बस, म्हणजे जोडवाटा.

हे हार्डवेअर इम्युलेटरमध्ये, म्हणजे हार्डवेअरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उभं करताना बहुवारशाचा मोह होतो: एका क्लासने (कोडमधल्या साच्याने) एकाहून अधिक क्लासांचे गुण वारशाने घ्यायचे. सी प्लस प्लसमध्ये ‘पीसीआय सिरियल कार्ड’ हा क्लास ‘पीसीआय उपकरण’ आणि ‘सिरियल चिप’ या दोघांचाही वारस करता येतो. पण हे दोन्ही क्लास बहुधा ‘उपकरण’ या एकाच मूळ क्लासमधून आलेले असतात. मग कार्डाच्या पोटात ‘उपकरण’ दोनदा येतं, आणि रीसेट नक्की कुणाचा करायचा हा गोंधळ सुरू होतो. व्हर्च्युअल वारशाने, म्हणजे सामाईक मूळ क्लास एकदाच घेण्याच्या सोयीने, दोघांचं एक करता येतं खरं, पण मग चिपला स्वतःची वेगळी ओळखच उरत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. एका कार्डावर चार पोर्ट असले तर? एकाच क्लासचा थेट वारसा चारदा घेता येत नाही. आणि चारही चिपांची अवस्था तर वेगवेगळी ठेवावीच लागते. १६५५० चं पहिलं रजिस्टर, म्हणजे चिपमधली एका बाइटची जागा, पाहा. एरवी तिथे लिहिलेला बाइट तारेवर जातो. पण लाइन कंट्रोल रजिस्टरचा सर्वांत वरचा बिट १ असेल, तर तोच बाइट वेग ठरवणाऱ्या भाजकाचा खालचा भाग बनतो. पीसीवर भाजक १२ दिला की वेग सेकंदाला ९६०० बिट होतो. एका पोर्टवर हा बिट १ आणि शेजारच्या पोर्टवर ०, असं सहज घडतं.

म्हणून चिप कार्डाच्या आत ठेवावी, खऱ्या कार्डावर ती डाग देऊन बसवलेली असते तशी. क्यूईएमयू या इम्युलेटरमध्ये हेच केलंय. तिथलं सिरियल कार्ड पीसीआय उपकरणाचं वारस आहे, आणि ते योग्यच आहे, कारण ते खरोखर पीसीआय उपकरण असतं; सिरियल चिप मात्र त्याच्या स्ट्रक्चरमधला एक घटक आहे. चार पोर्टच्या कार्डात अशा चिपांचा अ‍ॅरे आहे. आयएसए कार्डही चिपचा तोच कोड वापरतं. चिपला आपण कोणत्या बसवर आहोत याचा पत्ताच नसतो. ती फक्त आपली इंटरप्ट लाइन वर-खाली करते. चारपैकी एका जरी चिपची लाइन वर असली, की कार्ड आपली पीसीआय इंटरप्ट लाइन वर धरतं.