टेक्सासमधला कन्व्हिनियन्स स्टोअरचा धंदा

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत, बरेचदा चोवीस तास उघडी असणारी छोटी दुकानं आणि त्यांच्या मालकांच्या संघटना, असा हा विषय. ही दुकानं अमेरिकेत सगळ्यात जास्त याच राज्यात आहेत, साधारण १६ हजार, आणि बहुतेकांच्या बाहेर पेट्रोलचे पंप असतात.

सुरुवात डॅलसच्या ओक क्लिफ भागातली, १९२७ ची मानतात. तेव्हा घरोघरी फ्रिज नव्हते, लोक गाडी घेऊन बर्फाच्या डेपोवर यायचे आणि माणूस बर्फाची लादी गाडीत आणून ठेवायचा. साउथलँड आइस कंपनीचा असा एक डेपो जेफरसन ग्रीन नावाचा माणूस चालवायचा, 'अंकल जॉनी' म्हणायचे त्याला. किराणा दुकानं बंद असायची तेव्हाही त्याचा डेपो उघडा, म्हणून त्याने बर्फासोबत दूध, ब्रेड, अंडी ठेवायला सुरुवात केली. श्रेय कुणाचं यावर मात्र दोन मतं आहेत. काही जण ते साउथलँडमध्येच काम करणाऱ्या जो थॉम्पसन याला देतात, कारण त्याने त्याआधीच बर्फाच्या डेपोवर गार केलेली कलिंगडं विकली होती आणि पुढे कंपनीही त्यानेच वाढवली. पण कलिंगड हा एका मोसमाचा माल, रोजचं सामान अवेळी मिळायची सोय ग्रीनच्या डेपोवर झाली, त्यामुळे कल्पना ग्रीनची आणि साखळी थॉम्पसनची हे म्हणणं जास्त पटतं. ग्रीनचं नाव मागे पडायला नको होतं.

साउथलँडच्या या दुकानांना आधी 'टोटेम' म्हणायचे, १९४६ मध्ये सकाळी ७ ते रात्री ११ या वेळेवरून 'सेव्हन-इलेव्हन' नाव आलं. चोवीस तासांची सुरुवात ऑस्टिनमध्ये, युनिव्हर्सिटीजवळच्या दुकानात, फुटबॉल मॅचनंतर गिऱ्हाईक थांबेचना म्हणून झाली असं सांगतात, साल कुठे १९६२ तर कुठे १९६३ दिलेलं असतं. साउथलँड १९९० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढच्याच वर्षी तिचा ताबा जपानी भागीदारांकडे गेला. भारतातलं पहिलं सेव्हन-इलेव्हन ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत अंधेरी पूर्वेला उघडलं.

'सर्कल के' ही अशा दुकानांची दुसरी साखळीसुद्धा मूळ टेक्सासचीच, १९५१, एल पासो. 'बकीज' ही आणखी एक साखळी १९८२ मध्ये लेक जॅक्सनला सुरू झाली, त्यांचं लुलिंगचं २०२४ चं दुकान तर सुमारे ७५ हजार चौरस फुटांचं आहे, त्याला छोटं दुकान म्हणणं कठीणच.

दारूचा कायदा या धंद्याला रोज लागतो. इथे बिअर आणि वाइन विकता येते, व्हिस्की-रम नाही. रविवारी विक्री दुपारी १२ पासून असायची, सप्टेंबर २०२१ पासून ती सकाळी १० पासून चालते.

संघटनांमध्ये राज्य पातळीवर टेक्सास फूड अँड फ्युएल असोसिएशन आहे, आधीच्या नावातच पेट्रोल विक्रेते आणि कन्व्हिनियन्स स्टोअर दोन्ही होते, म्हणजे इंधनवाले आणि दुकानदार एकाच छताखाली. देशपातळीवरची नॅक्स ही संघटना १९६१ ची. पण एकट्या दुकानदाराच्या दृष्टीने मोलाची आहे ती ग्रेटर ह्यूस्टन रिटेलर्स कोऑपरेटिव्ह असोसिएशन. तिच्यात भारत-पाकिस्तानातून आलेले मालक बरेच आहेत, आणि एकेकट्याला कंपन्या जो भाव देणार नाहीत तो सगळ्यांनी मिळून खरेदी केल्यावर मिळतो, त्यासाठी त्यांनी स्वतःचं गोदामसुद्धा उभारलंय.