कंसातला आकडा नक्की कुणाचा? पोस्टग्रेसमधलं डोमेन आणि मॉडिफायरवाला टाइप

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये क्रिएट डोमेन मारायचं आणि सांगत सुटायचं की आम्ही मॉडिफायरवाला (म्हणजे व्हारचार(३) सारखा, नावापुढे कंसात आकडा घेणारा) कस्टम टाइप केलाय, हे इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले. डोमेन तुम्हाला येतंच, आधीचा टाइप घ्या, चेक (व्हॅल्यूने पाळायची अट) लावा, नाव द्या, संपलं. पण त्याला कंस लागत नाही! कोड(५) आणि कोड(२०) दोन्ही हवेत तर दोन डोमेन करा. कंस हवाच असेल तर क्रिएट टाइप, त्यात कंस वाचणारं टाइपमॉड_इन आणि तो परत लिहून दाखवणारं टाइपमॉड_आउट, इनपुट-आउटपुटची फंक्शन्स बहुतेक सी मध्ये, वर सुपरयूझर (सगळे अधिकार असलेला यूझर) पण लागतो. पोस्टजीआयएस या नकाशांसाठीच्या एक्स्टेंशनचं जॉमेट्री(पॉइंट, ४३२६) याच जातीचं.

आता जिथे सगळे आपटतात ते. डोमेनचा चेक डोमेनच्या नावाला बांधलेला असतो, कंसातला आकडा मात्र टाइपचा नसतोच, तो त्या कॉलमचा असतो. टाइपमॉड_इन कंसातलं सगळं गोळा करून एकच इंटिजर बनवतं आणि तो कॉलमांची नोंद ठेवणाऱ्या टेबलात, म्हणजे पीजी_अ‍ॅट्रिब्यूटमध्ये कॉलमच्या नोंदीत जाऊन बसतो. न्यूमरिक(१०,२) तिथे ६५५३६६ असा दिसतो, म्हणजे १० ला ६५५३६ ने गुणा, २ मिळवा, वर ४. म्हणून फंक्शनच्या आर्ग्युमेंटला व्हारचार(३) लिहिलंत तरी पोस्टग्रेस कंस गुपचूप फेकून देतं, डोमेन लिहिलंत तर चेक तिथेही चालतो. (बेरीज-जोडणी केली की डोमेनही मूळ टाइपवर येतं, ते सोडा.)

आणि टाइपमॉड_इन लिहिलं म्हणजे मर्यादा लागू झाली असं अजिबात नाही, ते फक्त आकडा ठरवतं. मर्यादा लावतो तो टाइपचा स्वतःकडेच केलेला कास्ट (एरवी एका टाइपची व्हॅल्यू दुसऱ्यात बदलणारी पायरी), ज्याच्या फंक्शनला व्हॅल्यू, तो इंटिजर आणि कास्ट मुद्दाम केलाय का हे सांगणारा बूलियन मिळतो. हा कास्ट विसरलात की कोड(५) मध्ये इन्सर्टने पन्नास अक्षरं आरामात शिरतात, आणि कॉपी (फाइलमधून डेटा भरणारी कमांड) मात्र इनपुट फंक्शनला खरा आकडा देतं, त्यामुळे तिथे तपासणी लिहिली असेल तर तोच डेटा कॉपीने अडतो. मग बसा डोकं खाजवत.

त्या बूलियनमुळेच व्हारचार(३) च्या कॉलममध्ये 'कोल्हापूर' टाकलं तर एरर येते, पण मुद्दाम कास्ट केलं तर निमूट 'कोल' हातात येतं, कारण मोजणी कोडपॉइंटची, म्हणजे युनिकोडच्या एकेका चिन्हाची, काना-मात्रेसकट. मला हे कापणं बिलकुल आवडत नाही. म्हणून व्हारचार(३) वर डोमेन करू नका, तिथेही मुद्दाम कास्ट केलं की असंच कापलं जातं. टेक्स्टवर डोमेन करा आणि कॅर_लेंग्थचा चेक लावा, मग कसंही कास्ट करा, एररच येते.