आपली वेबसाइट ‘आपोआप’ चालते, म्हणजे नेमकं काय?

(देखभाल करारातल्या ग्राहकांसाठी)

बंद पडलेली साइट पुन्हा चालू करणं, गर्दी वाढली की जादा सर्व्हर जोडणं, रोजचा बॅकअप, एसएसएल सर्टिफिकेटचं (साइट सुरक्षित असल्याच्या दाखल्याचं) नूतनीकरण ही कामं आमची यंत्रणाच करते. सर्टिफिकेटचं काम तर माणसावर सोडूच नये. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं सर्टिफिकेट 90 दिवस चालतं. तारीख हुकली की आपल्या गिऱ्हाइकाला साइटऐवजी धोक्याची सूचना दिसते.

मग माणसं कशाला, असं बरेच जण विचारतात.

खरी अडचण निदानाची आहे. समजा, दिवाळीच्या ऑफरमुळे आपल्या दुकानाच्या साइटवर झुंबड उडाली आणि डेटाबेस, म्हणजे साइटच्या माहितीचा साठा, मंदावला. यंत्रणेला एवढंच दिसतं की साइट वेळेत उत्तर देत नाही. ती साइट रीस्टार्ट करते. त्यात कॅशे (तयार पानांचा तात्पुरता साठा) रिकामी होते, मग प्रत्येक पानासाठी पुन्हा डेटाबेसकडेच धाव. तो आणखी मंदावतो, की पुन्हा रीस्टार्ट. जादा सर्व्हर जोडले तर त्याच डेटाबेसकडे मागणाऱ्यांची संख्या वाढते.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या एका कमांडमुळे डेटा सेंटरांना जोडणारं जाळं तुटलं. अशी कमांड अडवणारं तपासणीचं साधन होतं, पण त्यातच बग निघाला. पुढे जे झालं ते जास्त महत्त्वाचं. डेटा सेंटरशी संपर्क तुटला की डीएनएस सर्व्हरने (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरने) स्वतःहून इंटरनेटवरून बाजूला व्हायचं, असा नियम होता. एखादाच सर्व्हर अडचणीत असेल तर नियम उत्तमच. त्या रात्री तो सगळ्यांनी एकदम पाळला. सर्व्हर धडधाकट असूनही फेसबुकचा पत्ता कुणाला मिळेना. शेवटी इंजिनियरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं.

म्हणूनच आम्ही यंत्रणेला मर्यादा घातल्या आहेत. दहा मिनिटांत तीन रीस्टार्ट झाले की ती थांबते आणि ड्यूटीवरच्या इंजिनियरचा फोन वाजतो. बॅकअपवरून डेटाबेस परत आणणं किंवा डीएनएस बदलणं माणसाने पाहिल्याशिवाय होत नाही, मग रात्रीचे तीन का वाजेनात. यंत्रणेने कधी, काय आणि का केलं, याची नोंद मासिक अहवालात मिळेल.

एक निर्णय मात्र आपलाच. आलेली गर्दी गिऱ्हाइकांची की बॉटची (आपोआप साइट उघडणाऱ्या प्रोग्रॅमची), हे यंत्रणेला दर वेळी ओळखता येत नाही. जादा सर्व्हरचं बिल दोन्ही वेळा सारखंच येतं. त्यामुळे जास्तीत जास्त किती सर्व्हर आणि महिन्याला किती खर्च चालेल, ते आम्हाला ईमेलने कळवा. कळवलं नसेल तर आम्ही एकापेक्षा जास्त जादा सर्व्हर आपल्याला फोन केल्याशिवाय जोडत नाही.