बसलेली धूळ आणि न बसलेली

माझी मावसबहीण पुण्याजवळ वाघोलीला राहते. गॅलरीतून दगडखाण दिसते. सुरुंग लागायच्या वेळेला ताई खिडक्या लावून घेते आणि संध्याकाळी खडी फोडणारे क्रशर थांबले की सताड उघडते. "आता बसली धूळ," म्हणते. कठड्यावरून बोट फिरवलं तर पिठीसारखा करडा थर लागतो, म्हणजे बसलीच की! पण फुप्फुसाला भीती आहे ती न बसलेलीची.

बारावीत स्टोक्सचा नियम असतो. चिकट द्रवातून पडणाऱ्या गोळीचा अंतिम वेग तिच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. आम्ही तो ग्लिसरीन आणि छर्रे घेऊन पाठ केला, पण त्याची खरी मजा धुळीत आहे. केसाहून जरा जाड, १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दगडकण १० मीटर उंचीवरून सुटला तर २० सेकंदांत जमिनीवर येतो (एवढ्या जाड कणाला नियमाहून थोडा जास्तच वेळ लागतो). १० मायक्रॉनच्या कणाला २० मिनिटं लागतात. आणि १ मायक्रॉनच्या कणाला? एका दिवसाहून जास्त, तेही हवा अगदी स्तब्ध असेल तर. आता सेकंदाला २ मीटर एवढी झुळूक धरा. पहिला कण ४० मीटरवर पडतो, दुसरा जवळजवळ अडीच किलोमीटरवर, तिसरा हिशेबाने सोलापूरच्या वाटेला लागलेला असतो.

मोठे कण नाकात आणि घशात अडकतात, शेंबडातून, बेडक्यातून बाहेर येतात. साधारण ४ मायक्रॉनच्या आतले पार वायुकोशांपर्यंत, फुप्फुसाच्या टोकाच्या इवल्या पिशव्यांपर्यंत, पोचतात. तिथे केर वर ढकलणारे केस नाहीत. साफसफाई करतात भक्षक पेशी. जंतू गिळला की त्या पचवतात, दगड कसा पचणार? त्यात तो कण वाळूत असते त्या मोकळ्या सिलिकाचा, म्हणजे क्वार्ट्‌झचा असेल तर पेशीतली पाचक रसाची पिशवीच फुटते आणि पेशी मरते. सुटलेला कण दुसरी पेशी गिळते, तीही मरते. वर्षानुवर्षं हे चाललं की तिथे व्रणासारखी निबर गाठ होते. हाच सिलिकोसिस. तो बरा होत नाही, वर क्षयाला दार उघडून देतो, आणि एक्स-रेवर पुष्कळदा क्षयासारखाच दिसतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण 'आपल्या दगडात ५० टक्के सिलिका' अशी भीती मोबाइलवर फिरत असते. आकडा खोटा नाही, अर्थ चुकीचा आहे. पुण्याचा काळा पाषाण म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्यातली सिलिका फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांत बांधलेली असते. मोकळं क्वार्ट्‌झ नगण्य. सिलिकोसिसने माणसं खरी पोखरली ती राजस्थानच्या वालुकाश्माच्या खाणींत, गुजरातेत खंबातच्या अकीक (एक रंगीत दगड) घासणाऱ्या घरांत, मध्य प्रदेशात मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिलींच्या कारखान्यांत. राजस्थानला तर २०१९ साली त्यासाठी वेगळं धोरण आणावं लागलं.

पण तेवढ्यावरून आपली खडी निर्धोक ठरत नाही. कुठलीही बारीक धूळ, त्यात डंपरचा डिझेलचा धूर, एवढ्याने श्वासनलिका सुजतात. खोकला, दमा, म्हाताऱ्यांची धाप. अडीच मायक्रॉनखालच्या कणांसाठी आपलं २४ तासांचं मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, मग धूळ कुठल्याही दगडाची असो.

खाणीवर गूळ वाटतात, 'धूळ धुऊन निघते' म्हणून. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात. दोघांची गाठ पडत नाही. क्रशरवरच्या पाण्याच्या फवाऱ्यांचंही असंच. थेंब जाड असेल तर हवा त्याला वळसा घालून जाते आणि बारीक कण तिच्याबरोबर निसटतो. दिसणारी धूळ खाली येते, न दिसणारी तरंगत राहते. अगदी बारीक तुषार लागतात.

आणि ताईची संध्याकाळ? थंडीत सूर्य मावळला की जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वर जात नाही, आणि दिवसभराची बारीक धूळ तिच्यातच कोंडून राहते. खिडकी नेमकी तेव्हा उघडी.

"मग उघडू तरी कधी?" तिने विचारलं. क्रशरला सुट्टी असेल त्या दिवशी, भर दुपारी, असं मी सांगितलं. तिने खिडकी लावली आणि पंखा सुरू केला.