शेजाऱ्याच्या डिग्रीत आपला वाटा

बारावीचा निकाल लागला की नागपुरात घरोघरी एकच प्रश्न: ‘बीएस्सी करून पोराला मिळणार काय?’ कोणी ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चे फलक वाचतं, कोणी पोराची शाखा पत्रिकेतल्या ग्रहांना विचारतं. ग्रहांचा पगाराशी काडीचाही संबंध नाही. पण मूळ प्रश्नही अपुराच आहे, कारण त्यात शेजाऱ्याला होणारा फायदा धरलेला नसतो.

हिंगणा एमआयडीसीतली एखादी शेड डोळ्यांसमोर आणा. दहावी शिकलेला कारागीर लेथवर शाफ्ट बनवतोय. इंजिनीअर त्याला ड्रॉइंग समजावतो, मायक्रोमीटर कुठे लावायचा ते दाखवतो. माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत बसू लागलं की चांगल्या भावाची ऑर्डर घेता येते. हात तेच, पण त्या हातांच्या तासाची किंमत वाढली.

पण पदवीधरांमुळे शहरातली मजुरी वाढते, की मुळात श्रीमंत शहरांकडेच पदवीधर ओढले जातात? हा गुंता सोडवायला अर्थतज्ज्ञ एन्रिको मोरेत्ती यांनी वापरलेली एक युक्ती मला फार आवडते. १८६२च्या कायद्याने अमेरिकेतल्या राज्यांना कॉलेजांसाठी जमिनी मिळाल्या. तेव्हा कॉलेज कुठे निघालं, याचा शतकानंतरच्या पगारांशी थेट संबंध नाही. मग अशी कॉलेजं असलेली आणि नसलेली शहरं ताडून पाहायची. २००४ साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा: शहरात दर शंभर जणांमागे एक पदवीधर वाढला, तर शाळा अर्धवट सोडलेल्यांची मजुरी १.९ टक्के, बारावीपर्यंत शिकलेल्यांची १.६ टक्के आणि खुद्द पदवीधरांची ०.४ टक्के वाढते.

सगळ्यात लहान आकडा सगळ्यात बोलका आहे. कमी शिकलेल्यांची मजुरी वाढायला दुसरंही कारण असू शकतं: इंजिनीअर वाढले, तर त्यांच्या जोडीला लागणारा कारागीर तुलनेने दुर्मीळ होतो. पदवीधरांचं मात्र उलट व्हायला हवं. कळमन्याच्या बाजारात संत्र्याची आवक वाढली की भाव पडतो. इथे आवक वाढूनही भाव किंचित चढला! म्हणजे खाली ओढणाऱ्या पुरवठ्यापेक्षा वर ढकलणारा जोर मोठा होता. डिग्री नुसता बिल्ला असती, तर एकमेकांकडून शिकण्याचा हा जोर आलाच नसता.

अर्थात हे आकडे अमेरिकेचे. नागपूरला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आणि प्रयोगशाळेला कुलूप असलेल्या कॉलेजातून असं काही पाझरत नाही.

पण फायद्याचा एक हिस्सा शेजाऱ्याकडे जात असेल, तर घरचा हिशेब नेहमी कमीच भरणार, आणि उरलेला खर्च समाजाने उचलायला हवा. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात नागपूर विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून १९४२ साली एलआयटी ही तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली. तिथे शिकलेली मुलं त्यांच्या घरातली नव्हती.