अस्वलाचं कातडं आणि चित्रांचा हिशेब

२ मार्च १९१४ रोजी पॅरिसच्या ओतेल द्रुओ या लिलावघरात पिकासोचं एक चित्र पुकारलं गेलं. साडेसात फूट रुंद. ओसाड माळावर फिरत्या कसरतवाल्यांचं कुटुंब, सहा जण, आणि कुणाचीच नजर कुणाला भिडत नाही. १९०८ साली १,००० फ्रँकांना घेतलेलं हे चित्र १२,६५० ला गेलं.

विकणारं मंडळ आपल्या भिशीसारखं होतं. आंद्रे लव्हेल यांनी १९०४ मध्ये ते काढलं. एका वाट्याला वर्षाला २५० फ्रँक भरायचे, नव्या चित्रकारांची चित्रं घ्यायची, घरोघरी भिंतींवर लावायची आणि दहा वर्षांनी विकायची. मंडळाचं नाव ‘अस्वलाचं कातडं’. अस्वल मारण्याआधीच त्याचं कातडं विकणाऱ्यांच्या गोष्टीवरून घेतलेलं. आपण ‘बाजारात तुरी’ म्हणतो ना, तसंच.

पण एका चित्राच्या भाग्यावरून बाजार कसा जोखायचा? अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९८६ मध्ये एकच चित्र दोनदा विकलं गेल्याच्या नोंदी तपासल्या, १६५२ ते १९६१ पर्यंतच्या. महागाई वजा करून हाती आलं वर्षाला सरासरी ०.५५ टक्के. या गतीने पैसे दुप्पट व्हायला सुमारे १२६ वर्षं लागतात!

पुढच्या काही अभ्यासांत आकडे बरेच चढे निघाले. मात्र या पद्धतीत एक खोच आहे. भाव वधारला की मालक चित्र लिलावात आणतो. पडला तर ते माळ्यावरच राहतं आणि हिशेबात येतच नाही. त्यामुळे सरासरी फुगते. शिवाय चित्र व्याज देत नाही. उलट विमा आणि लिलावघराची दलाली मात्र भरावी लागते.

म्हणूनच लव्हेल यांचा हिशेब मला मोलाचा वाटतो. मुदत आधीच ठरलेली, त्यामुळे वधारलेली आणि न वधारलेली सगळीच चित्रं एकदम लिलावात आली. २७,५०० फ्रँकांच्या गुंतवणुकीवर चौपटीहून जास्त रक्कम हाती आली.

आणि नफ्यातले २० टक्के त्यांनी चित्रकारांना दिले. तशी सक्ती करणारा कायदा तेव्हा नव्हता. पुनर्विक्रीत चित्रकाराचा वाटा ठरवणारा कायदा फ्रान्सने केला तो १९२० मध्ये.